घर बंद स्थितीत आढळले

सुलोचनाबाईंच्या बोटांवर रेषा नाहीत. बत्तीस वर्षं त्यांनी काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. टरफलातल्या तेलाने कातडी जळत गेली, सोलत गेली, आणि नवी आली ती गुळगुळीत आली. पहिल्यांदा त्या आमच्या खोलीत आल्या तेव्हा मी जुन्या सवयीने शाईचा पॅड त्यांच्यापुढे सरकवला. खरं तर त्या सातवी शिकलेल्या, सही व्यवस्थित येत होती. पण पॅड पुढे केलाच आहे तर कशाला नाही म्हणा, म्हणून त्यांनी अंगठा दाबला. कागदावर नुसता निळा डाग उमटला. त्या हसल्या.

"बघा तलाठीबाब, माझो पुरावो माझ्या हातारसुद्धा नाय."

मी तलाठी होतो हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. खोलीत मला सगळे काका म्हणतात. पण एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तालुक्यात ओळखणारे पुष्कळ असतात, म्हणून मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. कुठल्या कचेरीत नोकरी केली ते लिहीत नाही. सगळ्या कचेऱ्या सारख्याच असतात आणि दोष कचेरीचा नाही.

खोली म्हणजे गोव्यातल्या पेडण्यात एका शिंप्याच्या दुकानावरची माडी. एक टेबल, चार खुर्च्या, एक पंखा, आणि खालून शिलाई मशीनची घरघर. एका संस्थेने ती घेतली आहे. परगावाहून येऊन इथे राहिलेली जी कुटुंबं आहेत, म्हणजे मुख्यतः सिंधुदुर्गातून खाणीवर, ट्रकवर, शेतात राबायला आलेली, त्यांना फुकट कायद्याची मदत करायची हे संस्थेचं काम. वकील एकच, सिद्धी. डिचोलीची मुलगी, तिशीतली. मंगळवारी आणि शनिवारी म्हापशाला बस बदलून येते, बसमध्येच फायली वाचते आणि दुपारी डबा खायचा विसरते. मी निवृत्त झालो तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. म्हणाली, "काका, कुठला कागद कुठे अडतो ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?" ते खरंच होतं. ते अडवले मीच होते.

आणि मला ते काम आवडलं, हेही सांगून टाकतो. डिचोलीच्या खाणीवर आलेल्या एका ट्रकवाल्याच्या मुलीला नर्सची सरकारी नोकरी मिळत होती, फक्त पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला नव्हता. आम्ही तिच्या बालवाडीच्या रजिस्टरपासून सगळं शोधून काढलं. दाखला मिळाला त्या दिवशी तिचा बाप माझ्या पाया पडला. मी त्याला उठवलं आणि घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं. आयुष्यभर माणसं माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली, पण ती भीतीने. हे वेगळं होतं. मला त्याची चटक लागली.

आता सुलोचनाबाईंचं सांगतो.

त्यांचं माहेर आणि सासरचं मूळ घर, दोन्ही तेरेखोल नदीच्या पलीकडे, सिंधुदुर्गात. सासरे सखाराम चौसष्ट साली नदी ओलांडून गोव्यात आले. इथे एका भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, भातशेती होती आणि डोंगराच्या उतारावर काजूची बाग होती. भाटकाराने काठीने जागा दाखवली आणि सांगितलं, हंय रव. सखारामने तिथे मातीचं तीन खणी घर बांधलं. भाडं नाही, करार नाही. लावणी-कापणीला आणि काजूच्या दिवसांत भाटकाराकडे हात लावायचा, एवढंच. अशा माणसाला आमच्याकडे मुंडकार म्हणतात. पंच्याहत्तर सालाच्या आधीपासून जो असा राहत आला आहे, त्याची मुंडकार म्हणून कचेरीत नोंद झाली की घर आणि भोवतालची थोडी जमीन त्याला स्वतःच्या नावावर घेता येते. मग त्याला कोणी हलवू शकत नाही. सगळं त्या नोंदीवर असतं. नोंद नाही तर साठ वर्षं राहिलेला माणूससुद्धा उपराच.

सुलोचनाबाई सत्याऐंशी साली त्या घरात लग्न होऊन आल्या. नवरा मधुकर डिचोलीला खाणीच्या ट्रकवर. तो आठवड्यातून एकदा लाल धूळ घेऊन यायचा, आणि बाई त्याचे कपडे विहिरीवर वेगळ्या दगडावर धुवायच्या, कारण शेजारीण कमलाक्षी म्हणायची, तुझ्या घोवाच्या शर्टातून अख्खी खाण वाहते. खाणी बंद पडल्या तसा त्याचा ट्रक दारात उभा राहिला. मधुकर रोज सकाळी तो पुसायचा. चार वर्षं पुसला. मग एका सकाळी पुसायला उठला नाही.

एक मुलगी, शीतल, म्हापशाला दिलेली. जावयाची एक खोली आणि त्यात पाच माणसं. नदीपलीकडच्या मूळ घरात भाऊबंदांची सात बिऱ्हाडं, तिथे यांचा वाटा म्हणजे देवघराच्या खोलीत गणपतीपुरतं बसायला मिळणं. तिकडचे म्हणतात ही गोंयची, इकडचे म्हणतात ही भायली. राहता राहिलं ते तीन खणांचं घर.

मोपाला विमानतळ झाला आणि आमच्याकडच्या जमिनीला पंख फुटले. भाटकार केव्हाच गेला होता. मुलांनी उतार विकून टाकला. एक दिवस बाई कामावरून आल्या तर घराभोवती हिरव्या पत्र्यांचं कुंपण. जायला-यायला दोन हात फट ठेवलेली. आठवड्याने नोटीस आली की घर खाली करा. ती नोटीस आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन त्या माडीवर आल्या. तेवीस सालचा फेब्रुवारी होता.

डबा उघडून सिद्धीने एकेक कागद टेबलावर मांडला. एकाहत्तर सालच्या मतदार यादीची प्रत, त्यात सखारामचं नाव आणि वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, नाव. मधुकरला पहिलीत घातलं तेव्हाचा शाळेचा उतारा, एकोणसत्तरचा. त्र्याऐंशीचं विजेचं बिल. सिद्धीचा चेहरा फुलत गेला.

"काका, एवढे पुरावे माझ्या पाच केसेसमध्ये मिळून नसतात. ही तर हमखास जिंकायची केस." मग पेन उचलून तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "यापूर्वी कधी मुंडकारपणाचा अर्ज केला होता का?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सासऱ्यांनी केल्लो म्हणतत. खूप वर्सां झाली."

सिद्धीने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी ती माझ्याकडेच पाहते.

मी म्हणालो, "त्याचं काही निष्पन्न झालेलं नाही. तेव्हाच्या फायली वाळवीने खाल्ल्या. जुनं उकरून काढू नकोस, सिद्धीबाय. नवा अर्ज स्वच्छ जाऊ दे."

तिने माझ्यावर विसंबून लिहिलं, यापूर्वी अर्ज केलेला नाही. बाईंनी खाली सही केली.

मी खोटं बोललो होतो. फाईल वाळवीने खाल्ली नव्हती, खाल्ली असेल अशी मी आशा करत होतो. मी ते घर डब्याचं झाकण उघडायच्या आधीच ओळखलं होतं, नोटिशीवरचा वाड्याचा उल्लेख वाचूनच. जे झालं ते आता सरळ सांगतो, कारण फिरवून सांगितलं तर मी त्यातही स्वतःसाठी पळवाट शोधीन.

अठ्ठ्याण्णव साली सखारामने मुंडकार म्हणून नोंदीसाठी अर्ज केला. जागेवर जाऊन, तिथे खरंच कोणी राहतं का ते बघून अहवाल द्यायचं काम तलाठ्याचं, म्हणजे माझं. महिनाभर मी ते पुढे ढकललं. मग चवथ आली. आमच्याकडे चवथीला सिंधुदुर्गातली सगळी कुटुंबं घराला कुलूप लावून गणपतीला मूळ गावी जातात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यांचा गणपती मूळ घरातच बसतो. तो इथे बसवून चालत नाही, आणि त्याच्यापुढे हजर नसणं म्हणजे आपण त्या घरचे नाही असं स्वतःच्या तोंडाने सांगण्यासारखं. अकरा दिवस वाडेच्या वाडे बंद असतात.

चवथीच्या चौथ्या दिवशी मी तिथे गेलो. साहेबांनी सकाळी झापलं होतं की अहवाल आजच्या आज हवा. दुसऱ्या दिवशी माझ्या घरच्या पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन. उतार चढून गेलो तर दाराला कुलूप. अंगण सारवलेलं. तुळशीची माती ओली. परसात कोंबड्या चरत होत्या. शेजारच्या कमलाक्षीने मला हाक मारून ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला.

"तीं चवथीक गांवाक गेल्यांत," ती म्हणाली. "अनंत चतुर्दशी जाल्यार येतलीं. चावी म्हज्याकडे आसा. घर उगडून दाखोवं?"

मी म्हणालो, नाका. तिच्या ओसरीवर बसून, तिचा गूळ चघळत, मी मांडीवर फाईल घेऊन लिहिलं: घर बंद स्थितीत आढळले. वस्ती दिसून येत नाही. खाली सही, तारीख. पुन्हा यायचं म्हणजे एक बस, दोन मैल चाल आणि तो चढ. कोणी मला पैसे दिले नव्हते. भाटकाराने चहासुद्धा पाजला नव्हता. पैसे खाऊन लिहिलं असतं तर निदान कारण तरी दाखवता आलं असतं. मला फक्त घरी जायचं होतं.

त्याच आठवड्यात सुनावणीची नोटीस त्या बंद दारावर डकवली गेली. पावसाने ती दोन दिवसांत धुऊन नेली. अनंत चतुर्दशीनंतर सखाराम परतला तेव्हा दारावर खळीचा पांढरा डाग तेवढा होता. तारखेला कोणी हजर नाही, तलाठ्याचा अहवाल विरुद्ध, अर्ज नामंजूर. दोन महिन्यांनी सखाराम कचेरीत आला. टोपी हातात घेऊन माझ्या टेबलापुढे उभा राहिला. अपिलाची मुदत अजून थोडी शिल्लक होती. मी त्याला ते सांगितलं नाही. पुन्हा अर्ज करा, बघू, असं म्हणालो आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्याने पुन्हा अर्ज केला नाही. सरकारने एकदा नाही म्हटलं म्हणजे ते कायमचं, अशी त्या पिढीची समजूत. त्याच्या समजुतीवर मी माझी भाकरी शांतपणे खाल्ली.

तर मी माडीवर बसून खोटं बोललो, त्याचं कारण हे. पेन्शनला धोका नव्हता. मला काका म्हणणारी ती खोली हातची जाईल, एवढीच भीती होती.

वर्षभर तारखा पडत राहिल्या. बाई प्रत्येक तारखेला कारखान्यातून अर्धी रजा टाकून यायच्या. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसायच्या, पदराखाली डबा. कधी माझ्यासाठी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं आणायच्या, कारण तारखेच्या दिवशी मी जेवत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. मी ते खायचो. घास गिळताना काय वाटायचं ते लिहून काही उपयोग नाही, कारण घास मी गिळत होतो.

त्या व्हरांड्यात त्या मला पुष्कळ काही सांगायच्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी विहिरीचं पाणी ओढता येत नसे म्हणून कमलाक्षीने त्यांना दोर कसा धरायचा ते शिकवलं. घराच्या मागच्या भिंतीत मधुकरने खाणीतला एक चमकता दगड बसवला आहे, शीतल लहानपणी त्याला तारा म्हणायची. छत्तीस वर्षांत एकही चवथ चुकली नाही, बाळंतपणाच्या वर्षीसुद्धा दीड महिन्याची शीतल टोपलीत घालून नेली. आणि प्रत्येक वेळी जाताना चावी कमलाक्षीकडे. बोलता बोलता त्या थांबायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, जणू आता माझी बोलायची पाळी आहे. मी पंख्याकडे बघायचो.

तेवीसच्या डिसेंबरात कमलाक्षी वारली. ऐंशीच्या वर वय झालं होतं. बाई त्या आठवड्यात आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "माझी चावी धरणारी गेली." मला बरं वाटलं. हे वाक्य खोडावंसं वाटतं, पण खरं तेच आहे. कमलाक्षी गेली आणि मला सुटल्यासारखं झालं.

चोवीसच्या मार्चमध्ये नव्या मालकाच्या वकिलांनी सुनावणीत एक कागद पुढे केला. अठ्ठ्याण्णवच्या निकालाची प्रत, आणि तिला जोडलेला तलाठ्याचा अहवाल. एकदा निकाल लागलेला विषय पुन्हा आणता येत नाही, आणि शिवाय अर्जदार बाईंनी आधीचा अर्ज लपवला, असं ते शांतपणे म्हणाले. सिद्धीने कागद हातात घेतला. वरून खाली वाचला. खालची सही वाचली. मग वळून माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणापासून मी तिचा काका राहिलो नाही.

अर्ज फेटाळला गेला. बाहेर व्हरांड्यात मी तिला सगळं सांगितलं, कुलूप, तुळस, गूळ, सगळं. ती कठड्याला टेकून ऐकत होती.

"कमलाक्षी तीन महिन्यांपूर्वीपर्यंत जिवंत होती," ती म्हणाली. "तुम्ही पहिल्या दिवशी मला सांगितलं असतं तर मी आधी तो जुना निकालच उलटवायला गेले असते. कमलाक्षीने उभं राहून सांगितलं असतं की चावी माझ्याकडे होती, मी तलाठ्याला घर उघडून दाखवू का म्हणाले होते. एवढी साक्ष पुरली असती. आता कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणालो.

"तुम्ही आहात," ती म्हणाली, आणि हसली नाही.

तिने जुन्या निकालाविरुद्ध अपील घातलं. मुदत उलटून सव्वीस वर्षं झालेली, ती माफ करा म्हणून वेगळा अर्ज. त्याला जोडून माझं प्रतिज्ञापत्र. ते लिहून द्यायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी जे पाहिलं तेच लिहिलं. अंगण सारवलेलं होतं. तुळशीची माती ओली होती. कोंबड्या होत्या. चावी शेजारी होती. मला माहीत होतं.

साक्षीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. मूर्खासारखं मला वाटत होतं की आज मी त्या बाईचं घर वाचवणार. समोरच्या वकिलांनी तो जुना कागद माझ्यासमोर धरला.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"त्या दिवशी दडपण होतं? कोणी पैसे दिले होते?"

"नाही."

"म्हणजे स्वखुशीने लिहिलंत. मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आज खोटं बोलताय?"

"तेव्हा."

"सध्या तुम्ही अर्जदार बाईंना मदत करणाऱ्या संस्थेत बसता?"

"हो."

"आणि या बाईंच्या नव्या अर्जात आधीचा अर्ज नव्हता असं जे लिहिलं, ते कोणाच्या सांगण्यावरून?"

मी सिद्धीकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघत होती. "माझ्या," मी म्हणालो.

वकील बसले. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं.

पंचवीसच्या जुलैत निकाल आला. इंग्रजीतला, चार पानी. सिद्धीने मला बाईंना तो मराठीत सांगायला लावला, आणि ते तिने मुद्दाम केलं. मी वाचून सांगितलं की साक्षीदाराने सत्तावीस वर्षांनंतर, संस्थेत काम करू लागल्यावर दिलेल्या तोंडी जबानीपेक्षा त्याने त्या वेळी कर्तव्यावर असताना स्वतःच्या हाताने केलेली नोंद जास्त विश्वासार्ह आहे. अपील नामंजूर. बाईंनी विचारलं, म्हणजे काय? मी म्हणालो, म्हणजे त्यांनी माझं जुनं खरं धरलं. बाईंनी मान हलवली, जणू हे त्यांना नवीन नव्हतं.

सिद्धी अजून वरच्या न्यायालयात जाणार आहे. कागद तयार करते आहे, डबा खायचा विसरते आहे. पण स्थगिती मिळाली नाही. नव्या मालकाने दिवाणी कोर्टातून मिळवलेल्या हुकमानुसार घर खाली करून द्यायचं. सिद्धीने हात जोडून एवढंच मिळवलं की चवथ होऊन जाऊ दे. अनंत चतुर्दशीनंतरचा सोमवार ठरला.

चवथीच्या चौथ्या दिवशी मी घरून निघालो. बायकोने विचारलं, गणपती सोडून कुठे? मी डब्यात पाच नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, घातल्या आणि बस धरली. वाड्यावर पोचलो तर सगळी दारं बंद, सगळ्यांना कुलपं, नेहमीसारखी. हिरव्या पत्र्यांमधल्या फटीतून मी आत शिरलो.

बाईंचं दार सताड उघडं होतं. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. अंगण सारवलेलं होतं. बाजूला मोबाईल होता. आईच्या बदली मूळ घरी गेलेल्या शीतलने त्यावर तिथली आरती दाखवली होती, ती नुकतीच संपली होती.

"तुम्ही गावी गेला नाहीत?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाय. अडतीस वर्सांत पयलीच चवथ चुकली." त्यांनी मला बसायला फळी पुढे केली. "घर बंद मिळूक नये म्हणान रवलंय."

मी फळीवर बसलो. नेवऱ्यांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. शेजारी कमलाक्षीची ओसरी दिसत होती. तिथेही पत्र्याचं कुंपण येऊन टेकलं होतं. मी म्हणालो, "बाई, मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. तो तलाठी मीच, हे."

"माका म्हायत होतां," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे वळलो.

"कमलाक्षीन त्याच चवथीक सांगल्यान आमका. जयराम तलाठी येवन पाणी पिवन गेलो म्हणान. सासरे मरासर तुमचां नाव घेत होते. शीव्यो नाय देवक कधी. नाव तेवढां घेयत." त्या अंगणाकडे बघत बोलत होत्या. "तुमी त्या माडयेर बसतास असां कळलां म्हणानच मी थंय इलंय. नायतर म्हापशाक दुसरे वकील होते. ज्याणी लिवलां तोच खोडतलो, असां वाटलां माका."

"मग सिद्धीने विचारलं तेव्हा तुम्ही का नाही बोललात?"

"तुमच्या तोंडार कसां सांगतलंय? तुमीच सांगतलास म्हणान वाट बघीत रवलंय. दर तारखेक वाटायचां, आज सांगतले."

वर्षभराची पेज मला आठवली. मी आजवर रडलेलो नाही, वडील गेले तेव्हाही नाही. तिथे त्या फळीवर बसून मी रडलो, आणि बाईंनी मला रडू दिलं. गप्प करायला त्या पुढे आल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी आत जाऊन तांब्यात पाणी आणलं. मी ते प्यालो.

"लिवा आतां," त्या म्हणाल्या. "आज चवथीचो चौथो दिवस. घर उघडां असा. माणूस असा. लिवा."

"आता मी लिहून काही उपयोग नाही, बाई."

"तेवा होतो," त्या म्हणाल्या, आणि नेवऱ्या काढून डबा रिकामा करून द्यायला आत गेल्या.